गाडीत चांगलं गाणं हवंय: २० हजार स्क्रीनवर घालायचे, दारात की डिकीत?

पाच-सात वर्षं जुनी हॅचबॅक. इंजिन ठणठणीत आहे, गाडी बदलायचा विचार नाही, पण स्पीकरचा आवाज कोरडा आणि चिरका. अशा गाडीसाठी साधारण २० हजार रुपये बाजूला काढून तुम्ही ॲक्सेसरीच्या दुकानात गेलात, की सगळ्यात आधी समोर येते ती ९ इंची अँड्रॉइड स्क्रीन. तिच्यासोबत रिव्हर्स कॅमेरा फुकट, फिटिंग फुकट. शेजारी बास ट्यूब धडधडत असते. स्पीकरचे खोके मागच्या रॅकवर असतात आणि दाराच्या आतल्या कामाबद्दल तर आपण विचारल्याशिवाय कुणी बोलतही नाही.

माझं मत आधीच सांगतो. गाणं ऐकण्यासाठी पैसे घालणार असाल तर पहिला रुपया पुढच्या दोन दारांत जायला हवा. मग छोटा ॲम्प (स्पीकरला जास्त ताकद देणारी डबी), मग वूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर), आणि स्क्रीन सगळ्यात शेवटी. हा क्रम ज्यांना लागू होत नाही अशीही माणसं आहेत, त्यांच्याबद्दलही लिहितो. पण क्रम असा का, हे कळायला स्टिरिओच्या खोक्यावर छापलेला एक आकडा आधी समजून घ्यावा लागतो.

खोक्यावरचे ५० वॅट

जवळजवळ प्रत्येक स्टिरिओवर '५० वॅट × ४' असं लिहिलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि बहुतेक स्टिरिओंत तो आणखी वाढवणारी कोणतीही सोय नसते. एवढ्या दाबात ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ, न कापलेली ध्वनिलहर द्यायची तर गणितानेच २४-२५ वॅटच्या वर जाता येत नाही. आतल्या ॲम्पमध्ये जे वाया जातं ते वजा करून हाती येतात १५ ते २० वॅट. ५० चा आकडा मिळतो तो लहरीचे माथे वरून-खालून पूर्ण सपाट कापले गेल्यावर, म्हणजे आवाज फाटलेला असताना.

याचा अर्थ १० हजारांची स्क्रीन घ्या किंवा ३० हजारांची, स्पीकरला मिळणारी ताकद जवळपास तेवढीच. तुमच्या आत्ताच्या कंपनी स्टिरिओचीही साधारण तीच. म्हणून 'नवीन मशीन टाकलं की आवाज वाढेल' ही अपेक्षा बहुतेक वेळा फोल ठरते. पहिल्या दिवशी आवाज मोठा वाटतो, कारण नव्या मशीनमध्ये लाउडनेस आणि बास आधीच चढवून ठेवलेले असतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ताकद दुप्पट केली की आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट मोठा वाटायचा तर साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. याच्या उलट, स्पीकर निवडताना त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीत तो किती मोठा वाजतो, हे बघितलं तर हे ३ डेसिबल फुकटात मिळतात. ९१ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजतो तेवढंच वाजायला ८८ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट लागतात. म्हणून स्पीकरच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेले '३०० वॅट' सोडून द्या. दोनच आकडे शोधा: आरएमएस वॅट (सतत झेपणारी खरी ताकद) आणि सेन्सिटिव्हिटी. कंपनी स्टिरिओवरच वाजवायचं असेल तर ९० डेसिबलच्या आसपासचा किंवा वरचा स्पीकर घ्या. ८६-८७ चा, भारी नावाचा कंपोनंट सेट (तीक्ष्ण स्वरांचा स्पीकर वेगळा असलेला) ॲम्पशिवाय मरगळलेला वाटतो आणि मग दोष ब्रँडला जातो.

स्क्रीन बदलणं

स्क्रीनच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. रोज अनोळखी पत्त्यांवर जाणारा टॅक्सीचालक, अरुंद गल्लीत गाडी लावताना मागे कॅमेरा हवा असलेली व्यक्ती, किंवा जुन्या गाडीत ब्लूटूथच नसलेलं कुटुंब, यांच्यासाठी स्क्रीन ही गरज आहे. फोन हातात धरून नकाशा बघण्यापेक्षा डॅशबोर्डवर बघणं केव्हाही सुरक्षित. अशांनी खालचं वाचावं, पण माझ्या क्रमाकडे दुर्लक्ष करावं.

इथेही दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत. एक, ७ ते १५ हजारांत मिळणारी अँड्रॉइड स्क्रीन. तिच्यात स्वतःची ॲप चालतात, तिला फोनचा हॉटस्पॉट लागतो, आणि तिची गंमत सगळी रॅमवर अवलंबून असते. २ जीबी रॅमची स्क्रीन वर्ष-दोन वर्षांत रेंगाळायला लागते. घ्यायचीच तर ४ जीबी तरी घ्या, आणि हा आकडा सेटिंगमध्ये दिसतो म्हणून खरा असतो असं नाही, तेव्हा बिलावर लिहून घ्या. दुसरी वाट म्हणजे नावाजलेल्या ऑडिओ कंपनीचा ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो असलेला स्टिरिओ. १५ हजारांपासून पुढे. त्यात वेगळी ॲप चालत नाहीत, सगळं फोन करतो, स्टिरिओ फक्त दाखवतो आणि वाजवतो. हा लवकर सुरू होतो, उन्हात कमी अडकतो, आणि ऐकणाऱ्यासाठी कळीची गोष्ट म्हणजे त्यात आवाज जुळवण्याची खरी साधनं असतात: १०-१३ पट्ट्यांचा इक्वलायझर, हाय-पास फिल्टर (स्पीकरला न झेपणारे खालचे स्वर अडवणारा), प्रत्येक स्पीकरचा आवाज कानापर्यंत एकाच वेळी पोचावा म्हणून टाइम अलाइनमेंट, आणि पुढे ॲम्प लावायचा तर २ ते ५ व्होल्टचे प्री-आउट (ॲम्पला सिग्नल देणारी जोडणी). गाण्यासाठी म्हणून स्क्रीन बदलायची असेल तर मी नेहमी हीच सुचवेन, आकार ७ इंचच का असेना.

जुन्या स्टिरिओला ऑक्स (बाहेरून आवाजाची वायर लावायची जागा) असेल आणि तुम्हाला फक्त फोनवरची गाणी हवी असतील, तर हजार-बाराशेचा ब्लूटूथ रिसीव्हर ऑक्समध्ये लावूनही काम भागतं. एफएम ट्रान्समीटर मात्र टाळा. मुंबईसारख्या शहरात एफएमचा पट्टा इतका भरलेला आहे की मोकळी जागा मिळत नाही, आणि एफएमवरून जाणाऱ्या आवाजाचा वरचा भाग १५ किलोहर्ट्झलाच थांबतो. रिसीव्हर गाडीच्याच यूएसबीवर चार्जिंगला लावला आणि इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी बारीक शिट्टी ऐकू आली, तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी लावतात, ती शिट्टी थांबवते.

फिटिंगमधली एक गोष्ट लक्षात ठेवा. स्टिरिओच्या वायरींना ठरलेले रंग असतात: पिवळी बॅटरीवरून कायम येणारी, लाल किल्ली फिरवल्यावर येणारी, काळी अर्थिंग, निळी अँटेनाची, निळी-पांढरी ॲम्प चालू करणारी. घाईतला फिटर कधीकधी लाल आणि पिवळी एकत्र जोडून मोकळा होतो. मशीन चालू होतं, पण किल्ली काढल्यावरही ते पूर्ण झोपत नाही. उभ्या गाडीत सगळं मिळून ५० मिलिअँपिअरच्या आत वीज जायला हवी. ती २०० झाली तर ३५ अँपिअर-तासाची बॅटरी चार दिवसांच्या आत निम्मी होते. गावाला जाऊन आल्यावर गाडी सुरू होत नाही आणि बॅटरीवाला नवी बॅटरी विकतो. तसंच निळी वायर राहून गेली तर छतावरच्या अँटेनाच्या आतल्या बूस्टरला वीजच मिळत नाही. एफएम शहराबाहेर पडताच खरखरायला लागतं. नवीन मशीनचा रेडिओ खराब आहे असं वाटतं, पण कारण बहुतेकदा एवढंच असतं.

वायर कापून जोडू देऊ नका. जवळजवळ प्रत्येक गाडीसाठी कपलर, म्हणजे वायर न कापता जोडणारा तयार प्लग, मिळतो, दोनशे-पाचशेचा. स्टीअरिंगवरची बटणं चालायला कॅनबसची डबी (गाडीचे इलेक्ट्रॉनिक संदेश स्टिरिओला समजावणारी) लागते ती वेगळी. गाडी वॉरंटीत असेल आणि वायर कापलेली दिसली, तर पुढे बिघडलेल्या विजेच्या भागावरचा दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं.

दारातलं काम

आता माझ्या आवडीच्या भागाकडे.

दारातला स्पीकर पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागे ढकलतो, आणि या दोन लहरी एकमेकींच्या बरोबर उलट्या असतात. मागची लहर दाराच्या आतल्या पत्र्याला असलेल्या मोठ्या भोकांतून पुढे आली की दोघी एकमेकींना खोडून टाकतात, आणि खोडला जातो तो नेमका खालचा स्वर. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची धूम, बास गिटारची ओळ. आपण म्हणतो कंपनीच्या स्पीकरला बास नाही. बास असतो, तो दारातच मरतो. त्यात लहान गाड्यांच्या दाराचा पत्रा पातळ. तो स्पीकरबरोबर थरथरतो आणि आतल्या लॉकच्या सळया, वायरी आणि प्लॅस्टिकचं पॅनेल यांना आपल्याबरोबर वाजवतो.

उपाय साधा आहे. ब्युटाइल रबराच्या, वर ॲल्युमिनियमचा पत्रा असलेल्या शीट मिळतात. त्या बाहेरच्या पत्र्यावर स्पीकरच्या मागे चिकटवायच्या आणि आतल्या पत्र्याची भोकं झाकायची. पूर्ण दार मढवायची गरज नाही. दोन दारांचं काम साधारण ३ ते ५ हजारांत होतं. शीट घेताना नखाने उचलून वास घ्या. डांबराचा वास आला तर परत करा. स्वस्त डांबरी शीट नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात विरघळून दाराच्या तळाला जाऊन बसते, आणि तो वास गाडीतून जाता जात नाही.

कोकणात, कोल्हापूर-साताऱ्याच्या घाटमाथ्यावर, मुंबईत गाडी चालवणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. पावसाचं पाणी काचेच्या रबरामधून दाराच्या आत उतरतच असतं. दाराची रचनाच तशी आहे. ते पाणी तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर जातं, आणि ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून पॅनेलच्या मागे एक प्लॅस्टिकचा किंवा फोमचा पडदा चिकटवलेला असतो. फिटर स्पीकर बदलताना हा पडदा उपटतो. नीट परत चिकटवला नाही, तर पहिल्याच मोठ्या पावसात पायाखालचं कार्पेट ओलं होतं आणि पाणी नेमकं कुठून येतंय ते महिनोन्‌महिने कळत नाही. म्हणून समोर उभं राहून बघा: पडदा परत लागला का, तळाची भोकं शीटखाली बुजली तर नाहीत ना, आणि स्पीकरखालची रिंग कशाची आहे. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) कच्ची रिंग दोन पावसाळ्यांत फुगून भुसा होते. प्लॅस्टिकची रिंग बरी. लाकडीच असेल तर चारही बाजूंनी वॉटरप्रूफ रंग मारलेली.

पावसाळी भागात स्पीकरचा कोनही, म्हणजे पुढेमागे हलणारा शंकूसारखा भाग, विचारपूर्वक घ्या. कागदी कोनचा आवाज मला मनापासून आवडतो, माणसाचा गळा त्यातून फार खरा येतो. पण रत्नागिरीला राहणाऱ्याला मी पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि रबराची कड असलेलाच सुचवेन. फोमची कड दमट हवेत काही वर्षांत चुरा होऊन गळते.

राहिला प्रश्न कोअ‍ॅक्सिअल की कंपोनंट. कोअ‍ॅक्सिअलमध्ये ट्वीटर, म्हणजे तीक्ष्ण स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, मोठ्या स्पीकरच्या मधोमध बसवलेला असतो. एक जोडी २ ते ५ हजार, तासाभरात बसते. कंपोनंटमध्ये ट्वीटर वेगळा, वर आरशाजवळ किंवा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बसतो आणि मध्ये दोघांत स्वर वाटून देणारी क्रॉसओव्हरची डबी असते. ५ ते १२ हजार. तीक्ष्ण स्वर सरळ रेषेत जातात. कोअ‍ॅक्सिअलमधले ते तुमच्या घोट्यापाशी निघतात आणि पायांनीच अडतात, त्यामुळे टाळ, झांज, सतारीची मिंड हे सगळं खालून आल्यासारखं वाटतं. कंपोनंटमध्ये गायक डोळ्यांसमोर, काचेपलीकडे उभा राहतो. गाणं मन लावून ऐकणाऱ्याने पुढे कंपोनंटच घ्यावा. मागे काहीच बदलू नये. मागचे स्पीकर मागच्यांसाठी असतात, आणि रोज एकटे किंवा दोघं जात असाल तर फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल) थोडा पुढे घेऊन ते हळू ठेवलेलेच चांगले.

दोन खबरदाऱ्या. स्पीकर घेण्याआधी त्याची खोली मोजा, नाहीतर खाली येणारी काच मागच्या मॅग्नेटवर आपटते. आणि सहा एअरबॅगच्या गाडीत पुढच्या काचेलगतच्या खांबाच्या आवरणात ट्वीटरसाठी भोक पाडू देऊ नका. त्याच्या आत पडदा एअरबॅग घडी घालून ठेवलेली असू शकते.

छोटा ॲम्प, आणि तो का

वर म्हटलेली १५-२० वॅटची मर्यादा ओलांडायची तर बाहेरचा ॲम्पच लागतो. त्याच्या आत व्होल्टेज वाढवणारा पुरवठा असतो, हाच सगळा फरक. चार चॅनेलचा, प्रत्येकी ५० आरएमएस वॅटचा, हाताच्या तळव्यापेक्षा थोडा मोठा क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प आता सीटखाली किंवा डॅशबोर्डमागे बसतो. तो आवाज वाढवतो त्यापेक्षा मोकळा करतो: हळू आवाजातही तबल्याचा ठेका गुळगुळीत न होता टपोरा येतो. ज्यांच्या नव्या गाडीत स्क्रीनमध्येच एसी, कॅमेरा आणि गाडीची सेटिंग्ज गुंतलेली आहेत आणि ती काढताच येत नाही, त्यांनाही हाच रस्ता मोकळा आहे. हाय-लेव्हल इनपुट असलेला ॲम्प थेट स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घेतो, स्क्रीनला हात लावावा लागत नाही.

वूफर: ट्यूब, सीटखालचा, की डिकीतला खोका

वूफरबद्दल लोकांचे राग-लोभ तीव्र असतात. मला वाटतं वूफर वाईट नाही, तो चुकीच्या जागी आणि चुकीच्या पातळीवर वाईट असतो. दाराच्या ६.५ इंची स्पीकरला सगळ्यात खालचा सप्तक झेपत नाही. ते काम वूफरने उचललं की दारातला स्पीकर गळ्यासाठी आणि वाद्यांसाठी मोकळा होतो.

बास ट्यूब स्वस्त, ४-५ हजारांपासून, पण ती बहुधा एकाच स्वरावर घुमते. ढोल, पखवाज, बास गिटार, सगळ्यांचा आवाज एकच. रिमिक्स आणि डीजे ऐकणाऱ्याला चालेल, बाकीच्यांना महिन्याभरात कंटाळा येतो. ती डिकीची अर्धी जागा खाते ते वेगळंच.

सीटखालचा ८ इंची ॲक्टिव्ह वूफर, ॲम्प आतच असलेला, १० ते १८ हजारांचा. हॅचबॅकसाठी माझी पसंती यालाच. खिडक्या हलवणारा बास देत नाही, पण दारातल्या स्पीकरच्या खालची रिकामी जागा नेमकी भरतो आणि डिकी मोकळी राहते. गणपतीला कोकणात जाणाऱ्या कुटुंबासाठी ही लहान गोष्ट नाही. बसवताना सीटखालची पिवळ्या कपलरची वायर एअरबॅगची असते, तिला हात लावायचा नाही. काही गाड्यांत मागच्यांसाठी एसीची हवा सीटखालूनच जाते, ती वाट अडवू नका.

डिकीतला १० किंवा १२ इंची खोका आणि वेगळा ॲम्प हा पूर्ण वेगळा खेळ आहे. खर्च २० हजारांच्या पुढे सुरू होतो, आणि सेडानमध्ये मागच्या सीटची पाठ बास अडवते. याला विजेचं गणित लागतं. खरे ५०० वॅट देणारा क्लास-डी ॲम्प पूर्ण जोरात ४५ अँपिअरच्या आसपास ओढतो. छोट्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर चालून वीज तयार करणारा भाग) आधीच एसी, दिवे आणि पंखे सांभाळत असतो. दर ठेक्याला हेडलाइट मंद होत असतील तर गाडी स्वतःच सांगत आहे की हे तिला पेलत नाही.

वायरिंगवर इथे एक रुपयाही वाचवू नका. बाजारात ४ गेज (जाडीचं माप) म्हणून मिळणारी बरीच केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. टोक खरवडलं की आतून पांढरी दिसते. ती कमी वीज वाहते आणि जास्त तापते. शुद्ध तांब्याची घ्या. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, कारण तो ॲम्पसाठी नसून केबलसाठी असतो: केबल कुठेतरी पत्र्याला घासून उघडी पडली तर फ्यूजच्या अलीकडचा भाग पेटू शकतो. अर्थिंग रंग खरवडून थेट बॉडीच्या पत्र्यावर. विजेची केबल गाडीच्या एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने.

आणि शेजाऱ्यांचा विचार. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. डिकीतल्या वूफरचा खालचा स्वर भिंती सहज पार करतो. सोसायटीच्या गेटमधून आत येताना त्याचा नॉब खाली करायची सवय असावी. तोच नॉब ड्रायव्हरच्या हाताशी बसवून घ्या.

नवीनच गाडी घेत असाल तर

वरच्या व्हेरिएंटमधला नामांकित कंपनीचा साउंड सिस्टिम हा पर्याय वेगळा तोलावा लागतो. टाटाच्या गाड्यांत जेबीएल, ह्युंदाईच्या क्रेटात बोस, अशा सिस्टिम मिळतात. त्यांत ॲम्प, वूफर आणि त्या गाडीच्या केबिनसाठी केलेलं ट्यूनिंग एकत्र येतं, वॉरंटी शाबूत राहते. पण नुसतं नाव बघून समजून घेऊ नका. मारुतीच्या काही गाड्यांवर दिसणारं अर्कामिस हे स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचं नाव नाही. ती आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरची फ्रेंच कंपनी आहे. आवाज त्याने सुधारतो, दार तेच राहतं. वरच्या व्हेरिएंटची बाकीची सोय, सनरूफ, कॅमेरे, तुम्हाला हवीच असेल तर सिस्टिम त्यात आली असं धरा. फक्त गाण्यासाठी लाखभर जास्त मोजणार असाल, तर खालचा व्हेरिएंट घेऊन २५-३० हजारांत पुढचे कंपोनंट, दाराचं काम आणि छोटा ॲम्प बसवा. पैसेही वाचतील आणि ऐकायला कमी काही मिळणार नाही.

काही न घेता आधी हे करून बघा

दुकानात जाण्याच्या आदल्या रविवारी अर्धा तास गाडीत बसा. लाउडनेस बंद करा, बास आणि ट्रेबल शून्यावर आणा. हाय-पास फिल्टर असेल तर दाराच्या स्पीकरना ८० हर्ट्झवर लावा. जे स्वर त्यांना झेपत नाहीत ते त्यांच्याकडे पाठवणं थांबलं की बाकीचा आवाज लगेच स्वच्छ होतो. गाण्याच्या ॲपमध्ये दर्जा 'ऑटो'वर असतो, तो सर्वांत वरच्यावर न्या आणि आवडीची यादी घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा. ताम्हिणीत किंवा आंबोलीत नेटवर्क जाणारच आहे. पेन ड्राइव्ह वापरत असाल तर तो एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट करा, बरेच स्टिरिओ दुसरं काही वाचत नाहीत. जुन्या नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रणात मुळातच बास कमी आणि मधला स्वर भरपूर असतो. त्याला बास चढवून काही मिळत नाही, फक्त ऑर्गन आणि तबला एकमेकांत मिसळतात.

एवढं करून बऱ्याच लोकांचं समाधान होतं. तुमचं झालं तर २० हजार राखून ठेवा.

निगा

ट्वीटर बहुतेकदा जळतात ते फाटलेल्या आवाजाने. लहरीचे कापलेले माथे म्हणजे तीक्ष्ण स्वरांचा सततचा मारा. म्हणून आवाजाचा नॉब तीन-चतुर्थांशाच्या पुढे नेऊ नका, आणि ॲम्पवरचा गेन (ॲम्प स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवायची सोय) हा आवाज वाढवायचा नॉब नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कानांचंही तसंच. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला तो एकच तास उरतो. पुणे-नाशिक एवढ्या प्रवासात हे सहज ओलांडलं जातं.

इंजिन बंद ठेवून ॲम्पसह गाणी ऐकत बसलात तर ८-१० अँपिअर जातात; लहान बॅटरी दोन तासांत निम्मी होते. उभ्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. साधा मल्टिमीटर दोन-चारशेला मिळतो, गाडीत ठेवा. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा लावा, मोठा कधीच नाही. पुन्हा उडत असेल तर कारण शोधा.

गाडीची आतून फोमने धुलाई करून घेताना दारावरच्या जाळीत फेस आणि पाणी मारू देऊ नका. स्क्रीन मऊ कापडाने पुसा. फवारा कापडावर मारायचा, स्क्रीनवर नाही. उन्हात गाडी लावली असेल तर आधी काचा उघडून दोन मिनिटं गरम हवा जाऊ द्या, मग स्टिरिओ मोठा करा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये शिरतात आणि केबल कुरतडतात. ॲम्पच्या मुख्य केबलवर नालीदार पाइप चढवलेला असावा, आणि वर्षातून एकदा तिच्यावर नजर टाकावी. दारातून नवीन खडखड यायला लागली तर स्पीकर बदलण्याआधी पॅनेलच्या क्लिप बघा. दहा-वीस रुपयांच्या असतात आणि पॅनेल एकदा काढलं की एखाददुसरी तुटतेच.

फिटिंगच्या दिवशी

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, अशा ठिकाणी सामान स्वस्त मिळतं, पण फिटर चांगला असणं किमतीपेक्षा महत्त्वाचं. जो फिटर आधी गाडी ऐकतो, दाराचं पॅनेल काढून दाखवतो आणि कपलर वापरतो, त्याला पाचशे जास्त द्या. निघण्याआधी काचा पूर्ण खालीवर करा, लॉक, आरसे, हॉर्न आणि स्टीअरिंगची बटणं तपासा, एअरबॅगचा दिवा विझतो ना ते बघा, एफएम लावून बघा. एक गाणं बॅलन्स डावीकडे, मग उजवीकडे नेऊन ऐका. एका बाजूच्या वायरी उलट जोडल्या असतील तर बॅलन्स मध्ये आणल्यावर बास उलट कमी होतो आणि आवाज विरतो. काही गाड्यांत बॅटरी काढली की कंपनी स्टिरिओ कोड मागतो, तो आधीच शोधून ठेवा.

बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. बाहेरून बसवलेलं विजेचं सामान आपोआप विम्यात येत नाही. त्याच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा हप्ता भरून ते पॉलिसीत घालता येतं. काढलेले जुने स्पीकर, जुना स्टिरिओ आणि त्यांचे स्क्रू घरी आणा. गाडी विकताना ते परत बसवता येतात, आणि तुमचे कंपोनंट आणि ॲम्प पुढच्या गाडीत जातात.